बायोसमध्ये १.३२, सीपीयू-झेडमध्ये १.२६, व्हीआयडी १.४१: यातलं खरं कुठलं?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे आकडे डोळ्यांसमोर राहतील. प्रोसेसर आय९-९९००के, झेड३९० चिपसेटचा बोर्ड, आठही कोअर ५.० गिगाहर्ट्झवर. बायोसमध्ये व्होल्टेज हाताने १.३२० दिलंय. विंडोजमध्ये आल्यावर मशीन रिकामं असताना सीपीयू-झेड हा प्रोग्रॅम १.३१२ दाखवतो आणि सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारी चाचणी) लावलं की १.२६४. एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये व्हीआयडीची ओळ १.४१५ वर अडून बसलीय, आणि त्याच यादीत बरंच खाली व्हीआर व्हीआउट नावाच्या ओळीत १.२२४. सिनेबेंच पास होतं, प्राइम९५ ही त्याहून जड चाचणी वीस मिनिटांत पडते. मित्र म्हणतो, एलएलसी (लोडलाइन कॅलिब्रेशन, म्हणजे लोडखाली व्होल्टेज किती पडू द्यायचं याचं बायोसमधलं सेटिंग) शेवटच्या टोकाला ने, मग व्होल्टेज पडणारच नाही. शिवाय धाकट्या भावाच्या रायझन ५ ५६००एक्सवर काहीही न करता १.४५ दिसतंय, तर तो जळणार का?

भावाचा प्रोसेसर जळणार नाही. मित्राचं ऐकू नका. आणि तुमचे चारही आकडे बरोबर आहेत, फक्त ते एकाच गोष्टीचे नाहीत. व्होल्टेजचा आकडा दिसला की आधी विचारायचं: हा कुठे मोजला, आणि मोजला तेव्हा करंट किती वाहत होता? या दोन गोष्टी माहीत नसतील तर १.३२ आणि १.२२ यांची तुलना करण्यात काहीच अर्थ नाही.

माझं लहानपण सोलापूरकडच्या एका गावात गेलं, त्यामुळे मला हे कॉम्प्युटरच्या आधी विहिरीवर समजलं. रात्री थ्री फेज लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या. डीपीजवळच्या विहिरीवर मोटार झकास चालायची आणि तारेच्या टोकाला असलेल्या आमच्या विहिरीवर ती नुसती गुणगुणायची, उचलायचीच नाही. डीपीवर व्होल्टेज होतं, पण आमच्यापर्यंत येईस्तोवर तारेनेच ते खाल्लेलं असायचं. करंट जितका जास्त तितकं तारेत जास्त पडणार. पहाटे सगळ्यांनी मोटारी बंद केल्या की घरातला बल्ब एकदम डोळे दिपवायला लागायचा, आणि अशाच एखाद्या पहाटे तो जायचा. हा बल्ब लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

तुमच्या बोर्डावर व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणारं सर्किट, ही ती डीपी. तिथून बोर्डाचं तांबं, सॉकेटच्या पिना, प्रोसेसरचा हिरवा तळ आणि मग सिलिकॉनचा तुकडा, ज्याला डाय म्हणतात, ती टोकाची विहीर. अंतर जेमतेम दोन-तीन इंच. पण करंट बघा: सिनेबेंच चालू असताना तुमचा ९९००के साधारण १५० अँपिअर ओढतो. घरातला दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो. १५० अँपिअरच्या वाटेत एक मिलीओहम, म्हणजे ओहमचा हजारावा भाग, जरी आला तरी १५० मिलीव्होल्ट गेले. म्हणून प्रोसेसरच्या बाबतीत ‘कुठे मोजलं’ याला एवढं महत्त्व.

आता एकेक आकडा.

बायोसमधला १.३२० हा मोजलेला आकडाच नाही. ती तुम्ही व्हीआरएमच्या कंट्रोलरला दिलेली सूचना आहे, तीसुद्धा करंट शून्य असतानाची. रिकाम्या मशीनवर १.३१२ दिसतं, म्हणजे सूचना नीट पोचलीय.

व्हीआयडी म्हणजे प्रोसेसरची मागणी. कारखान्यात प्रत्येक चिप तपासून कुठल्या वेगाला किती व्होल्टेज मागायचं याचा तक्ता तिच्यात कायमचा भरलेला असतो, आणि चांगल्या-वाईट चिपचा तक्ता वेगवेगळा. तुमची चिप ५.० गिगाहर्ट्झला १.४१५ मागतेय. पण बायोसमध्ये तुम्ही व्होल्टेज फिक्स केलंय, त्यामुळे ती मागणी ऐकायला कोणी नाही. पोरगं पन्नास रुपये मागतंय आणि तुम्ही तीसच देताय, असा प्रकार. हा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही. ऑटो किंवा अ‍ॅडॅप्टिव्ह ठेवलं असतं तर मात्र हाच आकडा कामाचा ठरला असता, कारण तिथे मागणीप्रमाणे पुरवठा होतो.

सीपीयू-झेडचा १.२६४ येतो सुपर आय/ओ चिपकडून. ही बोर्डाच्या कोपऱ्यात बसलेली, पंखे आणि तापमान बघणारी छोटी चिप, बहुतेक वेळा नुवोटॉन किंवा आयटीई कंपनीची. नुवोटॉनच्या चिप व्होल्टेज ८ मिलीव्होल्टच्या पायऱ्यांनी मोजतात. तुमचे आकडे भागून बघा: १३१२ म्हणजे ८ चे १६४ पट, १२६४ म्हणजे १५८ पट. तेव्हा १.२६४ वरून १.२७२ झालं म्हणून ‘व्होल्टेज हलतंय’ असं समजू नका, ती एक पायरी आहे. काही चिपची पायरी १२ किंवा १६ मिलीव्होल्टचीही असते.

या चिपची मोजायची तार कुठे जोडलीय, हे महत्त्वाचं. पुष्कळ बोर्डांवर ती सॉकेटच्या मागच्या कॅपॅसिटरवर जोडलेली असते. म्हणजे टोकाच्या विहिरीवर नाही, दोन खांब अलीकडे. मग ती डायपेक्षा जास्त व्होल्टेज दाखवणारच. महागड्या बोर्डांवर, झेड३९० पासून विशेषतः असुसच्या मॅक्सिमस मालिकेत, ही तार डायपर्यंत नेलेली आहे. त्याला डाय-सेन्स म्हणतात.

आणि व्हीआर व्हीआउट, १.२२४. हा आकडा थेट व्हीआरएमचा कंट्रोलर सांगतो. व्होल्टेज नियंत्रणात ठेवायचं म्हणून कंट्रोलरला प्रोसेसरच्या पोटातून दोन बारीक तारा मुद्दाम आणून दिलेल्या असतात, आणि त्यांतून करंट जवळजवळ वाहत नसल्याने तिथे काही पडत नाही. हाच आकडा डायच्या सर्वांत जवळचा. तुमच्या बोर्डावर तो दिसतोय हे नशीब समजा, सगळ्या बोर्डांवर ही ओळ नसते.

दोघांतला फरक ४० मिलीव्होल्ट. १५० अँपिअरने भागलं तर ०.२७ मिलीओहम. सॉकेट आणि प्रोसेसरच्या तळातून जाताना एवढं पडावं, यात विचित्र काहीच नाही. यावरूनच कळतं की तुमचा बोर्ड सॉकेटजवळ मोजणाऱ्यांपैकी आहे. तेव्हा लोडखालचं खरं व्होल्टेज म्हणून १.२२४ धरा आणि सीपीयू-झेड बंद करा. ‘माझा ९९००के ५.० ला १.२६ वर चालतो’ आणि ‘माझा १.२२ वर चालतो’ असे वाद घालणारी दोन माणसं पुष्कळदा अगदी सारख्याच चिप घेऊन बसलेली असतात, फक्त तार वेगळ्या जागी.

आता १.३२० दिलेलं १.२२४ का झालं, म्हणजे एलएलसी. यावर जरा रेंगाळतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि माझीही झालीय.

लोडखाली व्होल्टेज पडतं ते तारेतल्या रोधामुळे, असं वर म्हटलं. पण कंट्रोलर तर डायवरून मोजतोय, मग तो भरपाई करू शकत नाही का? करू शकतो. तो मुद्दाम करत नाही. करंटच्या प्रमाणात व्होल्टेज खाली येऊ द्यायचं असं त्याला शिकवलेलं असतं, आणि किती येऊ द्यायचं त्याला लोडलाइन म्हणतात. ९९००के सारख्या आठ कोअरच्या प्रोसेसरला इंटेलने ही रेषा १.६ मिलीओहमची दिलीय. तुमची किती आहे ते काढू या: १.३२० वजा १.२२४ म्हणजे ९६ मिलीव्होल्ट, भागिले १५०, म्हणजे ०.६४ मिलीओहम. इंटेलच्या निम्म्याहूनही कमी. एलएलसी मधल्या पायरीवर ठेवलेलं दिसतंय.

मुद्दाम पडू द्यायचं कारण त्या पहाटेच्या बल्बमध्ये आहे. प्रोसेसर १५० अँपिअर ओढत असताना काम संपतं आणि काही मायक्रोसेकंदांत तो २० अँपिअरवर येतो. व्हीआरएमच्या चोकमध्ये (तारेच्या वेटोळ्यात) त्या क्षणी वाहणारा करंट लगेच थांबू शकत नाही, तो कॅपॅसिटरमध्ये घुसतो आणि व्होल्टेज उसळतं. लोडखाली व्होल्टेज आधीच ९६ मिलीव्होल्ट खाली बसलेलं असेल तर उसळी तेवढ्या मोकळ्या जागेत मावते, १.३२० च्या फारशी वर जात नाही. एलएलसी टोकाला नेऊन रेषा अगदी सपाट केलीत, तर लोडखालीही १.३२० आणि उसळी त्याच्या वर. आणि उलट्या दिशेनेही तेच: लोड एकदम आला की व्होल्टेज क्षणभर खड्ड्यात जातं, आणि रेषा जितकी सपाट तितकी ही उसळी-खड्ड्यांची झुंबड वाढते. स्थिर राहण्यासाठी प्रोसेसरला सरासरी नाही, त्या खड्ड्याचा तळ पुरायला हवा. म्हणून सपाट रेषेवर उलट जास्त व्होल्टेज द्यावं लागतं, हा अनुभव तुम्हालाही येईल.

यातलं काहीही तुमच्या स्क्रीनवर दिसणार नाही. एचडब्ल्यूइन्फो मूळ सेटिंगला दर दोन सेकंदांनी एकदा बघतं. दोन सेकंद म्हणजे वीस लाख मायक्रोसेकंद. खिडकीतून दिवसातून एकदा डोकावून रस्त्यावरची रहदारी सांगण्यासारखं आहे हे. मल्टिमीटरही सरासरीच दाखवतो. उसळी बघायला ऑसिलोस्कोप लागतो. म्हणजे मित्राच्या सल्ल्याप्रमाणे केलंत तर आकडा एकदम सरळ, देखणा दिसेल आणि प्रोसेसर मात्र न दिसणाऱ्या उसळ्या खात बसेल.

माझी चूक सांगतो. एलएलसीच्या पायऱ्यांना कंपनीगणिक वेगळी नावं आहेत. असुसवर आकडा जितका मोठा तितकी रेषा सपाट. एमएसआय आणि एएसरॉकवर उलट, १ म्हणजे सर्वांत कडक. गिगाबाइटवर लो, मीडियम, हाय, टर्बो अशी नावं. मी एका कंपनीचा बोर्ड तीन वर्षं वापरून दुसऱ्या कंपनीचा घेतला. भरपूर पडू द्यायचं म्हणून सवयीने १ टाकलं, वर बायोसमध्ये सढळ हाताने १.४० दिलं आणि रात्रभराचं रेंडर लावून झोपलो. सकाळी लोडखाली १.३९ आणि कोअर ९९ अंशांवर वेग कमी करत बसलेले. चिप वाचली. तेव्हापासून नवीन बोर्डावर मी आधी कमी व्होल्टेजला एलएलसीच्या दोन पायऱ्या बदलून बघतो की आकडा कुठल्या दिशेला जातोय.

तुम्हाला माझा सल्ला: एलएलसी आहे तिथेच राहू द्या. बायोसमधला आकडा मोठा दिसला तर दिसू दे. १.३४ देऊन लोडखाली १.२४ मिळणं हे १.२५ देऊन लोडखाली १.२५ मिळण्यापेक्षा बरं, जरी ऐकायला उलटं वाटलं तरी.

इथेच एक प्रसिद्ध गैरसमज निस्तरतो. इंटेलच्या कागदपत्रात या पिढीसाठी व्हीआयडीची कमाल १.५२ व्होल्ट दिलीय, आणि ‘कंपनीच म्हणते १.५२ चालतं’ असं म्हणून लोक लोडखाली १.४० ठोकतात. अहो, ते १.५२ शून्य करंटला, १.६ मिलीओहमच्या रेषेसकट. याच प्रोसेसरचा कमाल करंट १९३ अँपिअर धरला तर पडणार ३०९ मिलीव्होल्ट, उरले १.२११. म्हणजे पूर्ण लोडवर कंपनीच्या मनात असलेला आकडा १.२१ च्या आसपास आहे. चिप झिजते ती नुसत्या व्होल्टेजने नाही. व्होल्टेज, करंट आणि तापमान तिघं मिळून ती झिजवतात. म्हणून ‘९९००केला सुरक्षित व्होल्टेज किती’ याला एका आकड्याचं उत्तर मी देत नाही. माझ्या स्वतःच्या मशीनवर मी डायवर मोजलेलं, पूर्ण लोडखालचं १.२५ ओलांडत नाही आणि तापमान ८५ च्या वर राहू देत नाही.

वॅटचा आकडा पाहत असाल तर तोही फसवतोय. सीपीयू पॅकेज पॉवर म्हणून जे दिसतं ते कुठल्या मीटरने मोजलेलं नसतं; प्रोसेसर व्हीआयडी आणि करंट यांचा गुणाकार करून ते सांगतो. तुमचा व्हीआयडी लोडखालीही १.४१५ वरच राहतो, याचा अर्थ बायोसमध्ये डीसी लोडलाइन (लोडखाली व्होल्टेज किती पडतं हे प्रोसेसरला सांगणारा आकडा) जवळजवळ शून्यावर आहे. हाताने ओव्हरक्लॉक केलं की काही बोर्ड ते आपोआप करतात. मग हिशेब होतो १.४१५ गुणिले १५०, म्हणजे २१२ वॅट. प्रत्यक्षात १.२२४ गुणिले १५०, म्हणजे १८४ वॅट. २८ वॅट नुसते कागदावर. डीसी लोडलाइनमध्ये तुमच्या एलएलसीइतकंच, म्हणजे ०.६४ मिलीओहम भरलं की व्हीआयडी लोडखाली योग्य प्रमाणात उतरायला लागतो. फिक्स व्होल्टेजवर याने प्रोसेसरला काहीच फरक पडत नाही, फक्त हिशेब सुधारतो. एसी लोडलाइनला मात्र हात लावू नका. ती मागणी वाढवणारी असते, आणि ऑटोवर चालवताना तिचा एक चुकीचा आकडा प्रोसेसरला शंभर-दीडशे मिलीव्होल्ट जास्त देऊन जातो.

आता प्राइम९५ का पडतं. वर काढलेली रेषाच वापरू. प्राइम९५ चं ‘स्मॉल एफएफटी’ नावाचं काम सिनेबेंचपेक्षा जास्त करंट ओढतं. १७५ अँपिअर धरा. १७५ गुणिले ०.६४ म्हणजे ११२ मिलीव्होल्ट, म्हणजे डायवर १.२०८. काम सगळ्यात जड आणि व्होल्टेज सगळ्यात कमी. शिवाय चिप तेव्हा जास्त तापलेली, आणि तापलेल्या चिपला त्याच वेगाला थोडं जास्त व्होल्टेज लागतं. पडणारच. प्राइम९५ पडताना एखाद्या थ्रेडवर ‘राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४’ असं लिहून थांबलं तर ते व्होल्टेज थोडंसंच कमी पडल्याचं लक्षण. निळी स्क्रीन येऊन ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ आलं तर बरंच कमी आहे. आणि काहीच न होता एचडब्ल्यूइन्फोच्या तळाशी असलेल्या हार्डवेअर एररच्या रकान्यात ‘सीपीयू कॅश एल० एरर’ एकेक करून वाढत असतील, तर प्रोसेसर चुका करतोय आणि स्वतःच दुरुस्त करतोय. पुष्कळ लोक इथे ‘स्टेबल आहे’ म्हणून थांबतात. तो शून्यच हवा.

बायोसमध्ये १० मिलीव्होल्टच्या पायरीने १.३४० पर्यंत जाऊन बघा. तिथेही पडलं तर ४.९ वर या. ५.० च्या टोकाला, माझ्या पाहण्यात, शेवटच्या १०० मेगाहर्ट्झला ४०-५० मिलीव्होल्ट लागतात. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, तेव्हा दोन टक्के वेगासाठी साधारण दहा-बारा टक्के जास्त वॅट. मी ४.९ ला थांबलो असतो. पण पाचचा आकडा बघायची हौस मलाही होती, त्यामुळे फार उपदेश करत नाही.

भावाचा ५६००एक्स. रायझनची पद्धतच निराळी आहे. हलक्या कामात, म्हणजे ब्राउझर उघडला, माउस हलवला, की एखाद-दुसरा कोअर क्षणात ४.६ गिगाहर्ट्झवर उडी मारतो आणि त्या उडीला १.४५, कधी १.५ च्या जवळही मागतो. तेव्हा करंट अगदी थोडा असतो, म्हणून ते चालतं. सगळ्या कोअरवर काम आलं की तो आपणहून व्होल्टेज बरंच खाली आणतो. २०१९ मध्ये रायझन ३००० आले तेव्हा हजारो लोक रिकाम्या मशीनवर १.४ च्या वर आकडे पाहून हादरले होते. एएमडीने तेव्हा सांगितलं की पुष्कळदा आकडे वाचणारा प्रोग्रॅमच झोपलेल्या कोअरना उठवतो. पोरगं झोपलंय का हे बघायला दर मिनिटाला दार उघडायचं आणि मग म्हणायचं झोपतच नाही. एचडब्ल्यूइन्फोच्या सेटिंगमध्ये ‘स्नॅपशॉट सीपीयू पोलिंग’ चालू करा, आणि बोर्डाच्या व्हीकोरऐवजी (व्हीकोर म्हणजे कोअरचं व्होल्टेज) ‘एसव्हीआय२ टीएफएन’ लिहिलेली ओळ पाहा. ती प्रोसेसरला व्हीआरएमकडून कळवलेली असते.

धोका कुठे आहे तर हेच १.४५ बायोसमध्ये फिक्स करण्यात. ‘तो स्वतःच घेतो, मग मी दिलं तर काय बिघडलं?’ बिघडतं, कारण मग सहाही कोअर पूर्ण करंटवर असताना तेच व्होल्टेज राहतं. ५६००एक्सला हाताने फिक्स करायच्या फंदात पडूच नका. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये, म्हणजे रायझनची व्होल्टेजची मागणी कमी करणाऱ्या बायोसमधल्या सेटिंगमध्ये, उणे १० पासून सुरुवात करा. एका अंकाला ३ ते ५ मिलीव्होल्ट असा हिशेब. आणि घड्याळाचा (म्हणजे वेगाचा) साधा आकडा न बघता ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ बघा. व्होल्टेज कमी पडलं तर हे प्रोसेसर दर वेळी पडतातच असं नाही, कधी गुपचूप घड्याळ ताणतात. स्क्रीनवर ४.६ आणि प्रत्यक्ष काम ४.३ चं. सिनेबेंचचा गुण घटला की समजा, जास्त कापलंत.

काहीही न छेडता सगळं ऑटोवर ठेवणं हाच सुरक्षित मार्ग, असं मी आधी लोकांना सांगायचो. २०२४ नंतर नाही सांगत. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर मूळ सेटिंगवरही अस्थिर व्हायला लागले. कंपनीने त्या जुलैमध्ये मान्य केलं की मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्टमध्ये आलेल्या ०एक्स१२९ मायक्रोकोडने १.५५ च्या वरची मागणी अडवली, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आला. वॉरंटी कंपनीने ऑगस्टमध्येच दोन वर्षांनी वाढवली होती. जे झिजलं ते मात्र परत येत नाही. या पिढीची जुनी चिप विकत घेत असाल तर बायोस कुठला होता हे आधी विचारा. आणि फिक्स नसेल तर व्हीआयडीचा कमाल रकाना नक्की बघा, तिथे तो पोकळ नाही.

व्हीकोर सोडून दोन ओळी आणखी पाहा: व्हीसीसीआयओ आणि व्हीसीसीएसए, म्हणजे प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाची व्होल्टेज. रॅमचं एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाला चालवणारं सेटिंग) चालू केलं की काही बोर्ड ही दोन्ही न विचारता चढवतात. ३२०० च्या रॅमला तुमच्या मशीनवर १.२ च्या पुढे जायची गरज मला तरी कधी पडली नाही. रायझन ७००० वर याचाच भाऊबंद असलेलं एसओसी व्होल्टेज इतकं चढलं होतं की काही चिप सॉकेटसकट जळल्या, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये एएमडीला ते १.३ वर बांधावं लागलं.

कमाल रकान्यात कधी अचानक २.९ व्होल्ट किंवा शून्य दिसलं तर बोर्डाच्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर सोबत चालू आहे का ते बघा. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी सुपर आय/ओ चिपला विचारायला गेले की ती काहीबाही सांगते. एका वेळी एकच ठेवा. बारा व्होल्टची ओळ १०.८ दाखवत असेल तर लगेच पॉवर सप्लायला शिव्या नकोत. आधी मोकळ्या कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या तारेवर मल्टिमीटर लावा. ११.४ ते १२.६ मध्ये असेल तर पॉवर सप्लाय ठीक आहे, सेन्सर खोटं बोलतोय.

मल्टिमीटरने व्हीकोर मोजायचा मोह होईल. बोर्डावर त्यासाठी मुद्दाम ठेवलेले ठिपके असतील तरच मोजा. सॉकेटमागच्या कॅपॅसिटरवर प्रोब टेकवून मी एकदा मोजत होतो, प्रोब अर्धा मिलिमीटर घसरला, बारीकशी ठिणगी, आणि बोर्ड कायमचा गेला. तुमच्याकडे व्हीआर व्हीआउट आहे. तेवढं पुरे.

आता करायचं एवढंच. एचडब्ल्यूइन्फो एकटं चालू ठेवा. १.३३० ला सिनेबेंच दहा मिनिटं, मग प्राइम९५ तासभर. दोन्ही वेळी व्हीआर व्हीआउट, करंट, सर्वांत गरम कोअर आणि एल० एररची संख्या वहीत लिहा, खोलीच्या तापमानासकट. खोलीचं तापमान गमतीने नाही सांगत. माझ्या ९९००केने डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत रात्रभर प्राइम९५ निभावलं होतं, आणि मे महिन्यात ३८ अंशांच्या त्याच खोलीत, त्याच सेटिंगवर, ते चाळीस मिनिटांत पडलं. मला १५ मिलीव्होल्ट वाढवावे लागले, आणि ते मी पावसाळ्यात परत काढले.